उसातलं पाणी रडारला दिसलं नाही तेव्हा…

सर, नमस्कार.

‘बटणं दाबून रंगीत नकाशे काढणं म्हणजे भूगोल नव्हे. आम्ही प्लेन टेबल (शेतात उभं राहून नकाशा काढायचा तिपाईवरचा फळा) खांद्यावर घेऊन शिवार तुडवलंय,’ असं तुम्ही मागच्या लेखाखाली लिहिलंत. पहिलं वाक्य मला मान्य आहे. पण जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे करायचं तंत्र, शिकलेली पोरं शिवारात जात नाहीत, हा त्यातला रोख मान्य नाही. आम्हाला तर नकाशा चुकला म्हणूनच शिवारात जावं लागलं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ५५ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४३ फुटांची. त्या दिवसांत साध्या उपग्रहचित्रांत नुसते ढग. म्हणून वर्गात आम्ही सेंटिनेल-१ या उपग्रहाची रडार चित्रं घेतली. रडारची लहर ढगांतून आरपार जाते आणि संथ पाण्यावरून दुसरीकडेच निसटते, उपग्रहाकडे परतत नाही; म्हणून पाणी काळं दिसतं. मुलांनी क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये काळा भाग वेगळा काढला. नकाशा देखणा झाला, पण चिखली-आंबेवाडीकडचा बराचसा ऊस त्यात कोरडाच!

तो नकाशा घेऊन आम्ही तिकडं गेलो. एका आजींनी भिंतीवरची पुराची खूण दाखवली आणि म्हणाल्या, “ह्या उसात कमरंच्या वर पाणी हुतं की.” रडारच्या या लहरीची लांबी जेमतेम साडेपाच सेंटिमीटर. दाट पाल्याखाली ती सहसा पोचत नाही, म्हणून खालचं पाणी दिसत नाही, आणि पोचलीच तर पाण्यावरून बुंध्यावर आदळून जोरात परतते, म्हणजे बुडालेलं रान उलट उजळ दिसतं. हे पुस्तकातही आहे. पण मुलांना ते त्या बांधावर उभं राहिल्यावर उमगलं.

आणखी एक. या रडार चित्राचा एक पिक्सेल, म्हणजे चित्रातला सगळ्यात लहान चौकोन, जमिनीवर १० बाय १० मीटर, जवळजवळ एक गुंठा. हे सांगितल्यावर शेतकऱ्यांची पोरं आपापलं रान पिक्सेलमध्ये मोजू लागली. लँडसॅट या दुसऱ्या उपग्रहाचा पिक्सेल नऊ गुंठ्यांचा, त्यात दहा गुंठ्यांचं रान कसं सापडणार, हा प्रश्न त्यांनीच काढला. सर, हा भूगोलच आहे.

तुमची तक्रार एका जागी मात्र पुरेपूर खरी आहे. पुराच्या खुणांची उंची मोबाइलच्या जीपीएसवर घेतली, तर ती काही मीटरनं चुकते. आम्हाला हवी फुटा-इंचांत. तिथं डंपी लेव्हलच (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) लागते, आणि ती लावायला आमच्या मुलांना कुणी शिकवलेलं नाही. मलाही धड येत नाही. दिवाळीनंतर आम्ही पुन्हा चिखलीला जाणार आहोत. तुम्ही याल का?