सात दांड्यांचा हिशेब

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्याला लागून एक ओटा. संध्याकाळी साडेसहाला तिथे बसणारी मंडळी ठरलेली: एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर आबा, दहावीपासूनचा माझा दोस्त संद्या आणि शटर अर्धं ओढून मी. संद्या नऊ वर्षं कॉलेजात कॉमर्स शिकवतोय, सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. तास घेतला तर पैसे, दिवाळीची सुट्टी बिनपगारी.

परवा त्याने प्रिंटला एक कागद दिला. ‘वर्गातील नियम, एफवाय बीकॉम.’ नऊ कलमं. हजेरी ७५ टक्के. घंटेनंतर पाच मिनिटांनी दार बंद. मोबाईल बॅगेत. असाइनमेंट स्वतःच्या अक्षरात. साठ प्रती हव्या होत्या. मी एकच काढली आणि ओट्यावर ठेवली. आबांनी चष्मा लावला आणि तिथून पेटलं.

“पाच मिनिटांनी दार बंद? आणि गाडी घाटात अडकली तर?”

“आबा, घाटातून येणारी पोरं दोन. बाकीची कॅन्टीनमधून येतात.”

“त्या दोघांनी काय करायचं मग?”

संद्या म्हणाला, “तुम्ही डबल बेल दिल्यावर गाडी थांबवायचा का कुणासाठी?”

“थांबवायचो की,” आबा म्हणाले. “पोरींसाठी हमखास. मागची गाडी दोन तासांनी असायची.”

मी विचारलं, “पंचाहत्तर भरले नाहीत तर काय करणार?”

“डिफॉल्टर लिस्ट लागणार.”

मला हसूच आलं. लिस्ट लागली की माझा सीझन सुरू होतो, लेका. पालकांच्या हमीपत्राचा नमुना माझ्या कॉम्प्युटरवर सेव्ह आहे, नाव आणि रोल नंबर तेवढा बदलायचा. गेल्या ऑक्टोबरात एकाच दिवशी अकरा पोरांना टायफॉइड झाला होता. अकराही सर्टिफिकेटांवर अक्षर एकच. सगळे परीक्षेला बसले. नियम कडक असावा की सैल, यावर मला काही म्हणायचं नाही. पण लिस्ट लावायची, आठ दिवस आईबापाला खेटे घालायला लावायचे आणि नवव्या दिवशी सगळं माफ करायचं, यातून पोरगं शिकतं ते एवढंच, की कागद आणला की भागतं. असाइनमेंटचंही तेच. एकाने चॅटजीपीटीचा मजकूर प्रिंटला पाठवला, तर वरची ‘नक्कीच! खाली तुमचे उत्तर दिले आहे’ ही ओळसुद्धा तशीच. मी म्हटलं, ती तरी काढ. तो म्हणाला, “काका, कोण वाचतंय?”

“मी वाचतो,” संद्या चिडला. “म्हणून तर हाताने लिहायला लावतोय.”

“हाताने उतरवतील की,” आबा म्हणाले.

एवढ्यात पृथ्वी आला, जर्नलच्या प्रिंटा घ्यायला. संद्याच्याच वर्गातला. रात्री हायवेच्या पेट्रोल पंपावर ड्यूटी करतो. सरांना बघून परत फिरत होता, आबांनी हाताला धरून बसवलं. “वाच हे. तुझ्यासाठीच आहे.”

त्याने वाचलं. मग मोबाईल काढला, सरांसमोर जरा बिचकतच. “सर, दिल्ली हायकोर्टाने म्हटलंय की हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसू द्यायचं नाही असं करता येणार नाही. नोव्हेंबर २०२५ चा निकाल आहे.”

“तो कायद्याच्या पोरांसाठी. तू लॉ ला आहेस का?”

“नाही सर.”

“मग हिशेब कर. दोन क्रेडिटचा पेपर, एका क्रेडिटला पंधरा तास, म्हणजे तीस. त्याचे ७५ टक्के साडेबावीस, म्हणजे तेवीस. सात दांड्या माफ आहेत. सातात भागत नाही?”

“पंपावरून सकाळी सातला सुटतो सर. पहिला तास साडेसातला.”

आबा उसळले. “कर्मवीर अण्णांच्या साताऱ्यात हे ऐकायचं? १९२४ ला त्यांनी इथं बोर्डिंग काढलं. पोरं राबायची आणि शिकायची. कमवा आणि शिका! आणि हे पोरगं कमवतंय तर त्याला दाराबाहेर?”

“आबा, बोर्डिंगातलं काम शिक्षणाच्या वेळा बघून लावलेलं असायचं. पंपाचा मालक माझं टाइमटेबल बघतो का?” संद्या म्हणाला. “आता ओजेटीला, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंगला, क्रेडिट मिळतं, पण ते तिसऱ्या वर्षी, आणि विषयाशी जुळणाऱ्या कामाला. पेट्रोल भरण्याचं मी काय दाखवू?”

“कॅश टॅली रोज मीच करतो सर,” पृथ्वी हळूच म्हणाला.

संद्याने मोर्चा आबांकडे वळवला. “तुम्ही नियमाबद्दल बोलूच नका. २०२१ च्या ऑक्टोबरात कॉलेजं उघडली आणि तुमचा संप सुरू झाला. एप्रिलपर्यंत खेड्यातल्या पोरांची दांडी कुणाच्या नावावर टाकायची?”

आबा गप्प. संपाचा विषय निघाला की ते चहा मागवतात. तसा मागवलाच.

चहा येईपर्यंत पृथ्वी कागदाच्या मागच्या बाजूला काहीतरी लिहीत होता. “सर, एक विचारू? तुमच्या इकॉनॉमिक्सला पहिला दीड महिना कुणीच नव्हतं. सेमिस्टरला तास झाले एकोणीस. मी बसलो पंधराला. म्हणजे माझी हजेरी एकोणऐंशी टक्के. मी डिफॉल्टर नाही.”

“बरोबर.”

“पण तीसातले पंधरा म्हणजे निम्मंच शिकलो ना? उरलेल्या अकरा तासांची लिस्ट कुठे लागते?”

इतका वेळ तावातावाने बोलणारा संद्या कपातली साय बोटाने काढत बसला. मग म्हणाला, “माझी नेमणुकीची ऑर्डरच ऑगस्टच्या शेवटी निघते रे. कॉलेज सुरू जुलैत. मधले तास मी घेतले तर फुकट, नाही घेतले तर तुमचे बुडतात. दोन वर्षं घेतलेही फुकट. यंदा नाही घेतले.”

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. माझ्याकडे तर नव्हतंच, मी पानाला दोन रुपये घेणारा माणूस.

संद्याने खिशातलं पेन काढलं. ‘दार बंद’वर रेघ मारली, परत विचार करून तिच्या जागी ‘पंधरा मिनिटांनी’ लिहिलं. खाली दहावं कलम वाढवलं: ‘ठरलेले तास किती आणि झालेले किती, हे दर शनिवारी फळ्यावर लिहिले जाईल.’

“प्राचार्य चालू देतील?” मी विचारलं.

“फळा माझ्या तासाला माझा असतो.”

पृथ्वीने प्रिंटांचे चोवीस रुपये दिले. संद्या त्याला म्हणाला, “शनिवारी मी विसरलो तर आठवण करायची. पण त्यासाठी वर्गात असावं लागेल.”

“शनिवारी डबल ड्यूटी असते सर.”

“मग शुक्रवारी लिहितो,” संद्या म्हणाला आणि कागद माझ्याकडे सरकवला. “साठ काढ. पाठपोट काढ, स्वस्तात पडतील.”