इन्सुलिनने नसा खराब होतात म्हणे

घरच्या ग्रुपवर परवा मामींनी परत तोच फॉरवर्ड टाकला. मुलांच्या नसा कोवळ्या असतात, त्यांना शुगरने काही होत नाही, डोळे आणि किडनी जाते ती इन्सुलिनमुळे, इन्सुलिन यायच्या आधी कुठल्या मुलाचे डोळे गेले होते का? खाली सगळ्यांचे हात जोडलेले. माझ्या भाचीला नवव्या वर्षापासून टाइप वन मधुमेह आहे (यात शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही, बाहेरून घ्यावं लागतं), आता ती पंधराची आहे आणि त्याच ग्रुपवर आहे, म्हणून गप्प बसवलं नाही.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण तो अर्धा खरा आहे. इन्सुलिनच्या आधी मुलांचे डोळे जात नव्हते, मुलंच जात होती. वर्ष-दोन वर्षांत खेळ संपायचा, उपाशी ठेवून थोडे दिवस वाढवायचे एवढंच. जानेवारी १९२२ मधे टोरंटोला लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचलं, मग मुलं जगायला लागली, आणि पंधरा-वीस वर्षं जगली तेव्हा कुठे डोळ्याच्या पडद्याचे नि किडनीचे त्रास दिसायला लागले.

बरं, दोषी कोण, शुगर की इन्सुलिन? हे तपासून झालंय. अमेरिका-कॅनडात १९८३ ते १९९३ डीसीसीटी नावाचा अभ्यास झाला, टाइप वनचे १४४१ जण, वय १३ ते ३९. अर्ध्यांना दिवसाला एक-दोन इंजेक्शनं, बाकीच्यांना शुगर काबूत ठेवायला तीन किंवा जास्त, नाहीतर इन्सुलिनचा पंप. इन्सुलिन विष असतं तर दुसऱ्या गटाचं वाटोळं व्हायला हवं होतं ना? उलट ज्यांचा पडदा आधी चांगला होता त्यांच्यात तो बिघडायचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. हां, त्यांची शुगर एकदम खाली जायचे प्रकार तिप्पट झाले, आणि आधीच पडदा बिघडलेल्या काहींचा सुरुवातीला अजून थोडा बिघडला. "इन्सुलिन सुरू केलं नि डोळे गेले" असे किस्से बहुतेक इथूनच येतात.

आता कोवळ्या नसा. आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मेंदूकडे निरोप नेणाऱ्या तंतूलाही, तिथेच घोळ होतो. रक्तवाहिनीला आतून एकाच पेशीच्या जाडीचं अस्तर असतं, आणि रक्तात साखर वाढली की या पेशी तिला दारात अडवूच शकत नाहीत. मग वाहिनी सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं, साखर प्रोटीनना चिकटून भिंत कडक होते. (तीन महिन्यांची शुगर मोजतात ती पण अशीच, हिमोग्लोबिनला किती चिकटली ते.) पायाला मुंग्या येतात त्याही बऱ्याचदा तंतूला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या खराब झाल्यामुळे. मोठ्या वाहिन्यांत तेच झालं की हार्ट अटॅक, लकवा.

आणि वयाचं म्हणाल तर अमेरिकेत किशोरवयात टाइप टू (शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही तो मधुमेह) झालेल्या मुलांवर लक्ष ठेवलं, सरासरी १३ वर्षांत साधारण ६० टक्के जणांना डोळे, किडनी किंवा तंतू यातली एक तरी भानगड झाली होती. म्हणजे पंचविशीच्या आसपास.

भाचीचा पडदा दरवर्षी बघतात. डोळ्यात थेंब टाकले की दोन-तीन तास मोबाईल वाचता येत नाही म्हणून तिची चिडचिड. सुरुवातीला बिघाड म्हणजे फोटोत नुसतं लाल टिंब असतं, बारीक वाहिनीला आलेला फुगवटा, दुखत काहीच नाही. लघवीत प्रोटीन जातंय का तेही बघतात. यंदा दोन्ही क्लिअर आलं, रोज चार वेळा टोचून घेऊन.

मामी, तिचं इन्सुलिन बंद केलं तर वीस वर्षं लागणार नाहीत, दोन-चार दिवसांत आयसीयू. आणि मामांना टाइप टू होऊन बारा वर्षं झाली ना, त्यांच्या डोळ्यात थेंब टाकून पडदा शेवटचा कधी बघितला?