व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र टाकू नका
पन्हाळा-पावनखिंड मोहीम जवळ आली की कोल्हापुरातल्या ट्रेकर मंडळींत एक मेसेज फिरतो: "पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीत बुरशी धरली तर व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र टाका, दुप्पट काम होतं." हे साफ चूक आहे आणि जिवावर बेतू शकतं. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद मोरीत तो थेट छातीत जातो. कृपया पुढे पाठवू नका.

थोडी बुरशी असेल तर बहुतेक वेळा खाण्याचा सोडा पुरतो. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे, अर्धा तास ठेवायचं, मग घासून खळखळून धुवायचं. खरी घाण पिशवीतलं पाणी ओढून प्यायच्या नळीत असते. तोंडात धरायचं रबरी टोक काढून उलटं करून बघा, खाचेत काळे ठिपके दिसतील. नळीतून बारीक ब्रश फिरवा. तरीही डाग राहिले तर नळी बदला, तिथं काटकसर नको.

"फ्रीजरमध्ये बुरशी मरते" हेही खरं नाही. थंडीत तिची वाढ थांबते, एवढंच. पण आपल्याकडं आषाढात कपडेसुद्धा वाळत नाहीत, तेव्हा धुतलेली पिशवी निथळून फ्रीजरमध्ये ठेवणं चांगलंच. सरबत मात्र तिच्यात भरू नका. साखर राहिली की बुरशी आलीच.