२५ कोटींचा खर्च, २८ कोटींचा गल्ला, मग सिक्वेल का नाही?

‘जॉन कार्टर’ या २०१२ सालच्या चित्रपटावरची एक पोस्ट अधूनमधून फिरत येते. म्हणणं असं: सिनेमा २५ कोटी डॉलरमध्ये बनला, जगभरात २८.४ कोटी कमावले, म्हणजे फायदाच झाला. पण ‘स्टार वॉर्स’ हाती लागल्यावर डिस्नेने दुसरा भाग दाबून टाकला. आज लोक तो घरी बसून आवडीने बघतात, तर सिक्वेल निघायलाच हवा. मलाही हा सिनेमा आवडतो, त्यातले मंगळावरचे चार हातांचे थार्क तर फारच. पोस्टचा हिशेब मात्र कच्चा आहे.

फायद्याचंच आधी बघू. २८.४ कोटी हा तिकीटबारीवरचा गल्ला. त्यातून थिएटरवाले आपला वाटा काढून घेतात आणि उरलेलं स्टुडिओकडे येतं. अमेरिकेत साधारण निम्मं, परदेशात त्याहून कमी, चीनमध्ये तर पाव हिस्सा मिळाला तरी खूप. अमेरिका-कॅनडातला गल्ला होता ७.३ कोटी, निम्मे धरले तर साडेतीन कोटींच्या वर थोडे. बाकीचे २१ कोटी बाहेरच्या देशांतले. ४० टक्के धरू, म्हणजे ८.४ कोटी. सगळे मिळून १२. समोर खर्च २५ कोटींचा, आणि त्यात पोस्टर, ट्रेलर, सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या वेळची जाहिरात धरलेलीच नाही. डीव्हीडी आणि टीव्हीच्या हक्कांनी एवढा खड्डा बुजत नाही.

हे अंदाज माझे म्हणून सोडून द्या हवं तर. सिनेमा लागला ९ मार्चला, आणि १९ मार्चला खुद्द डिस्नेनेच जाहीर केलं की यात सुमारे २० कोटी डॉलरचा तोटा होईल. शेअर बाजारातली कंपनी फायद्यातल्या सिनेमाबद्दल असं सांगून स्वतःचा भाव कशाला पाडून घेईल? एप्रिलमध्ये स्टुडिओप्रमुख रिच रॉस यांनी राजीनामाही दिला.

आता ‘स्टार वॉर्स’. ‘स्टार वॉर्स’ बनवणाऱ्या लुकासफिल्म कंपनीच्या खरेदीची घोषणा डिस्नेने केली ३० ऑक्टोबर २०१२ ला, तोटा जाहीर झाल्यावर सात महिन्यांनी. डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी लुकासफिल्मचे मालक जॉर्ज लुकास यांच्याकडे विषय २०११ मध्येच काढला होता, हे खरं. पण ‘जॉन कार्टर’चं मुख्य चित्रीकरण २०१० मध्येच उरकलं होतं. आपलेच कोट्यवधी डॉलर कुणी मुद्दाम बुडवतं का? प्रसिद्धी वाईट झाली, हे मात्र शंभर टक्के मान्य. नावातून ‘ऑफ मार्स’ काढून टाकलं, मग हा जॉन कार्टर वकील की डॉक्टर, लोकांना कळणार कसं? पण त्यावरून सिनेमा का पडला एवढंच समजतं. तो पडला नाही, असं सिद्ध होत नाही.

दुसऱ्या भागाला येतो तो बहुतेक पहिला पाहिलेलाच माणूस. अमेरिकेत पहिल्या शनिवार-रविवारपर्यंत जेमतेम ३ कोटी डॉलरची तिकिटं खपली होती. मंगळ पुन्हा उभा करायचा खर्च मात्र तेवढाच, किंवा जास्तच. पहिल्यात पोळलेला माणूस अशा वेळी चेकवर सही करत नाही.

ओटीटीवरच्या प्रेमाचा मुद्दा आला की आपल्याकडे लगेच ‘तुंबाड’चं नाव निघतं. २०१८ मध्ये बेताचा चाललेला, सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त गल्ला केला, आणि दुसऱ्या भागाची घोषणाही त्याच महिन्यात झाली. छानच झालं. पण तो काही कोटी रुपयांतला सिनेमा, आणि सोहम शाह नायकही तेच, निर्मातेही तेच. शिवाय लोकांनी पुन्हा खिशातून पैसे काढून तिकिटं घेतली. घरी बसून बघणाऱ्याने वर्गणी आधीच भरलेली असते. त्याने एक सिनेमा जास्त पाहिला म्हणून स्टुडिओच्या हाती वेगळे पैसे येत नाहीत.

आणि डिस्नेचं मन उद्या पालटलं तरी? या कथांचे चित्रपट-हक्क २०१४ मध्ये मूळ लेखक एडगर राइस बरोज यांच्या कंपनीकडे परत गेले. डिस्नेला त्या कथा आता नव्याने मिळवाव्या लागतील. दुसऱ्या कुणी त्या घेतल्या, तर पहिल्या चित्रपटातली दृश्यं आणि थार्कांचं ते रूप डिस्नेच्याच मालकीचं, म्हणजे त्याला सगळं पहिल्यापासून मांडावं लागेल.