ग्रीन्स्टेडचं चर्च ८४५ सालचं नाही

इंग्लंडच्या एसेक्समधल्या ग्रीन्स्टेड गावच्या सेंट अँड्र्यू चर्चचा फोटो फॉरवर्ड होत असतो. खाली मजकूर असा: ‘इ.स. ८४५ची, जगातली सर्वांत जुनी लाकडी वास्तू. आजही जशीच्या तशी. १०१३ मध्ये संत एडमंडचं शव याच भिंतींआड ठेवलं होतं. भिंतीतल्या भोकातून कुष्ठरोग्यांना आशीर्वाद मिळे.’

८४५ हा आकडा अगदीच हवेतला नाही. लाकडातली वलयं (झाडाला दर वर्षी एक येतं) मोजण्याच्या एका जुन्या प्रयत्नातून तो आला. पण १९९५च्या फेरतपासणीत ओकच्या ओंडक्यांतलं शेवटचं टिकलेलं वलय १०५३चं निघालं. सालीलगतचा कच्चा, पांढुरका थर गेलेला होता. त्याची १० ते ५५ वलयं धरली, तर झाडं तोडली गेली १०६३ ते ११०८च्या दरम्यान. म्हणजे दावा निदान दोन शतकांनी चुकला. १९६०च्या सुमारास तिथे खोदकामात आणखी जुन्या लाकडी बांधकामाच्या खुणा सापडल्या, हे खरं. पण जमिनीखालच्या खुणांचं वय वरच्या भिंतींना कसं चिकटवणार?

एडमंड हा नवव्या शतकातला इंग्रज राजा, पुढे संत मानला गेलेला. त्याचा मुद्दा इथेच निकालात निघतो. लंडनहून ‘बरी सेंट एडमंड्स’ या गावाकडे शव परत नेताना ते या परिसरातल्या एका चॅपलमध्ये ठेवल्याची परंपरा आहे. जागा हीच असेलही. भिंती मात्र या नव्हेत. १०१३ मध्ये ही झाडं रानात उभी होती!

‘जशीच्या तशी’ तर मुळीच नाही. मुख्य दालनाच्या भिंतीच तेवढ्या जुन्या. मागचा विटांचा भाग ट्यूडर राजांच्या काळातला, म्हणजे १५००च्या आसपासचा. १८४८च्या डागडुजीत ओंडक्यांची कुजलेली बुडं कापून ते विटांच्या जोत्यावर बसवले गेले. जगातली सर्वांत जुनी वास्तू म्हणाल, तर जपानच्या होर्यू-जी मंदिराच्या लाकडी इमारती याहून तीन शतकांहून अधिक जुन्या आहेत. युरोपातल्या सर्वांत जुन्या लाकडी चर्चचा मान ग्रीन्स्टेडला देतात, तो काय कमी आहे?

कुष्ठरोग्यांचं म्हणतात ते भोक दाराच्या जागेलगत आहे. आत येणाऱ्यांनी बोटं बुडवायच्या पवित्र पाण्याचा तो कोनाडा असावा, हेच जास्त पटतं.

गंमत म्हणजे, चर्चच्या नोंदवहीतली पक्की गोष्ट फॉरवर्डमध्ये नाहीच. मजूर संघटना बांधली म्हणून ऑस्ट्रेलियात हद्दपार झालेल्या इंग्लंडमधल्या टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांपैकी जेम्स ब्राइन सुटून आल्यावर १८३९ मध्ये इथेच लग्न करून गेला. वधू एलिझाबेथ, त्याच्याच एका सोबत्याची मुलगी.