एजीएमची तारीख कायदा ठरवतो? कोणी सांगितलं?

दर सप्टेंबरला तोच मेसेज फिरायला लागतो. एजीएमची, म्हणजे कंपनीच्या शेअरहोल्डरांच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची, तारीख-वेळ कायद्याने ठरलेली असते, कंपनीच्या हातात काही नसतं, रविवारी घेता येत नाही, आता तर सगळं ऑनलाइन आहे मग वेळेची रड कशाला, आणि छोटे शेअरहोल्डर येतात ते समोसे आणि गिफ्टसाठी, त्यांच्या मताने काय होणार. ऐकायला एकदम जाणकार वाटतं पण यातलं बरंचसं चूक आहे.

कायदा फक्त शेवटची मुदत सांगतो. 31 मार्चला वर्ष संपलं की सहा महिन्यांत म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत एजीएम घ्या, दोन एजीएममध्ये 15 महिन्यांपेक्षा जास्त गॅप नको, बस. मार्केट कॅपने (सगळ्या शेअरच्या एकूण बाजारभावाने) पहिल्या 100 लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपन्यांना तर बाजार नियामक सेबीने पाचच महिने दिलेत. त्याच्या आत कोणता दिवस आणि किती वाजता हे कंपनीचं संचालक मंडळ (बोर्ड) ठरवतं. टीसीएसने 2024 ची एजीएम 31 मे लाच उरकली, रिलायन्सची त्याच वर्षी 29 ऑगस्टला झाली, कायदा दोघांना एकच. लिस्टेड कंपनीला ऑडिट झालेले वार्षिक निकाल 60 दिवसांत, म्हणजे मे अखेरपर्यंत द्यावेच लागतात, नोटिशीला 21 दिवस लागतात, मग सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबायचं कारण काय हे विचारलं तर त्यात चुकलं कुठे? तोवर जूनच्या तिमाहीचे निकालसुद्धा येऊन गेलेले असतात आणि आपण मार्चच्या आकड्यांवर प्रश्न विचारत बसतो.

रविवारचं म्हणाल तर ती 1956 च्या जुन्या कायद्यातली गोष्ट, तेव्हा सार्वजनिक सुट्टी चालायची नाही. 2013 च्या कायद्यात फक्त राष्ट्रीय सुट्टी नको असं आहे, म्हणजे 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. वेळ सकाळी 9 ते संध्याकाळी 6 मधली. शनिवारी दुपारी 4 ला घेतली तरी कोणी अडवत नाही. नोकरदार माणसाला मंगळवारी सकाळी 11 वाजता बोलवायचं हा सोयीचा प्रश्न आहे, आणि सोय कोणाची ते सांगायला नको.

ऑनलाइनमुळे फायदा झाला हे खरंय, सांगली किंवा नांदेडच्या माणसाला मुंबईच्या हॉलपर्यंत यायची गरज उरली नाही. पण 30 सप्टेंबरला सकाळी 11 ला तीन कंपन्यांच्या लिंक एकदम चालू असल्या तर काय तीन कान लावणार? बोलायचं असेल तर स्पीकर म्हणून आधी नाव नोंदवायचं, नंबर लागला तर दोन-तीन मिनिटं मिळणार, ती पण नेमकी दुसऱ्या कंपनीत तुमचं नाव पुकारतात तेव्हा.

आणि खरी मेख वेळेत वेगळीच आहे, तिच्याबद्दल त्या मेसेजमध्ये अक्षर नाही. रिमोट ई-व्होटिंग, म्हणजे मीटिंगआधी घरबसल्या ऑनलाइन मत देणं, एजीएमच्या आदल्या दिवशी संध्याकाळी 5 वाजता बंद होतं. बहुतेक जण एनएसडीएल नाहीतर सीडीएसएल या शेअर डिमॅटमध्ये सांभाळणाऱ्या संस्थांच्या साइटवर जाऊन तेव्हाच मत देऊन मोकळे होतात, आणि एकदा दिलं की मीटिंगमध्ये बसता येतं पण परत मत देता येत नाही. म्हणजे चेअरमनचं उत्तर ऐकायच्या आधीच आपला निकाल देऊन झालेला.

गिफ्टचं तर सोडाच. कंपनी सेक्रेटरींच्या (कंपनीचं कायदेशीर कामकाज बघणाऱ्या अधिकाऱ्यांच्या) संस्थेचा एसएस-2 नावाचा नियम 2015 पासून लागू आहे, त्यात मीटिंगला गिफ्ट, कूपन, रोख काहीही वाटायला बंदी आहे. (समोशाला नाही, आणि वयस्कर माणसाने एक समोसा खाल्ला तर कंपनी बुडत नाही.)

मताने काही होत नाही यात अर्धं खरं आहे, 200 शेअरवाल्याने एकट्याने काही पडत नाही. पण स्पेशल रिझोल्यूशनला, म्हणजे विशेष ठरावाला, मतदानाच्या 75 टक्के लागतात. ऑगस्ट 2021 मध्ये आयशर मोटर्सच्या एजीएमला सिद्धार्थ लाल यांच्या एमडी (व्यवस्थापकीय संचालक) म्हणून फेरनियुक्तीचा असाच ठराव सुमारे 73 टक्क्यांवर अडकला आणि पडला. पाडला मुख्यतः मोठ्या फंडांनी, हे कबूल. तरी दोन टक्क्यांच्या फरकात किरकोळ मतं कुठे बसतात याचा हिशोब ज्याने-त्याने करावा. संबंधित पार्टीच्या व्यवहारांच्या, म्हणजे कंपनीने आपल्याच जवळच्या माणसांशी किंवा कंपन्यांशी केलेल्या व्यवहारांच्या, ठरावात तर त्या पार्टीला, ती कंपनीचा मालक-प्रमोटर असली तरी, बाजूने मतच देता येत नाही, तिथे उरलेल्यांचीच मतं मोजतात.

तेव्हा तारखेबद्दल विचारायचंच असेल तर नोटीस आली की त्यात दिलेल्या ईमेलवर कंपनी सेक्रेटरीला लगेच लिहा, की हीच तारीख आणि हीच वेळ का, आणि उत्तर येईपर्यंत ई-व्होटिंगचं बटण दाबू नका.