म्हणे ताण कामाचा नसतो, मनाचा असतो!

बहिणीच्या ऑफिसच्या ग्रुपवर हा मेसेज तिच्या साहेबांनीच टाकला, तोही रात्री उशिरा. खाली सगळ्यांचे हात जोडलेले. मेसेजचं सार असं: ताण म्हणजे मनाचा कमकुवतपणा, जादा तासांनी कोणी मेलेलं नाही, दबावातूनच हिरा घडतो, दहा मिनिटं ध्यान करा, आणि खरा ताण तर वरच्या खुर्चीवरच्यांना असतो.

‘कोणी मेलेलं नाही’ हे आधी घेऊ, कारण ते जिवावर बेतणारं आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये मिळून अंदाज मांडला. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास राबल्यामुळे पक्षाघात आणि हृदयविकाराने २०१६ या एका वर्षात जगभरात सुमारे ७,४५,००० माणसं गेली. ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त, हृदयविकाराने मरण्याचा १७ टक्क्यांनी. गेलेल्यांत बहुतेक जण ६० ते ७९ वयाचे होते. म्हणून तर साहेबांना कोणी मरताना दिसत नाही! माणूस ऑफिसात कोसळत नाही. तोवर त्याचा निरोप समारंभही होऊन गेलेला असतो. आणि यात कमकुवत मन कुठून आलं? उलट ‘होईल, करतो’ म्हणत खंबीरपणे बसून राहणाराच जास्त तास भरतो.

हिऱ्याचं म्हणाल तर थोडं तथ्य आहे, मान्य. डेडलाइन असली की काम हलतं. पण यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांच्या १९०८ च्या ज्या प्रयोगाचा यासाठी दाखला देतात, तो उंदरांना विजेचे झटके देऊन केलेला होता. आणि काम अवघड असलं की झटका एका मर्यादेपुढे वाढवल्यावर उंदीर उलट उशिरा शिकत होते. हे मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.

ध्यान करा, जरूर करा. झोप बरी लागेल. पण चौघांचं काम दोघांवर टाकलेलं असेल, तर श्वास मोजून तिसरा माणूस येत नाही.

राहिला वरच्यांचा ताण. ब्रिटिश सरकारी नोकरांवरचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ पासूनचा आहे. त्यात हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सर्वांत खालच्या श्रेणीत वरच्यांच्या तिपटीच्या आसपास निघालं. धूम्रपान, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही बराच फरक उरला. पुढच्या टप्प्यात एक कारण समोर आलं: आपल्या कामावर आपलाच ताबा नसणं. काय, कधी, कोणत्या क्रमाने करायचं, यातलं काहीच हातात नसलेला माणूस वरच्या खुर्चीवर नसतो.